एका टेस्टचा माणूस: इक्बाल सिद्दीकी

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल, तर हे वाचून काढा.

अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगमध्ये एखादा खेळाडू एक-दोन मॅच खेळून परत खाली गेला, तर म्हणतात, तो ‘एक कप कॉफी’ पिऊन आला. आपल्याकडेही असा एक जण आहे. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, फास्ट बोलर इक्बाल सिद्दीकी.

डिसेंबर 2001, मोहाली, समोर इंग्लंड. भारताकडून त्या दिवशी तिघांनी पदार्पण केलं: सिद्दीकी, टिनू योहानन आणि बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. सिद्दीकीने नवा बॉल टाकला, मॅचमध्ये एक विकेट घेतली, पहिल्या डावात 24 रन काढले. शेवटी जिंकायला फक्त 5 रन हवे होते, तर यालाच ओपनिंगला पाठवलं. पाचही रन यानेच काढले! भारत 10 विकेटनी जिंकला. आणि त्यानंतर? एकही टेस्ट नाही.

आता जरा आकडेमोड. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे एकूण रन भागिले किती वेळा आउट. याचे रन 29, आउट एकदाच, म्हणून ॲव्हरेज 29. बोलरसाठी भारीच की! पण मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: एका मॅचचा डेटा म्हणजे डेटाच नाही. त्यावरून माणूस चांगला ठरत नाही, तसा वाईटही ठरत नाही.

खरा हिशोब दुसरीकडे आहे. रणजीत आपल्या राज्याच्या तीन टीम: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. सिद्दीकी महाराष्ट्राचा. नंदुरबारच्या पोराला रणजी खेळायची तर त्याची वाटही याच टीमकडे जाते. प्रथम श्रेणीत सिद्दीकीने तीनशेपेक्षा जास्त विकेट घेतल्या. त्या मॅच टीव्हीवर क्वचितच दिसतात, प्रेक्षकही मोजकेच असतात. तरी पुढच्या मॅचला परत रनअप मोजायचा आणि धावत यायचं. त्याचं करिअर हे होतं. मोहाली हा त्यातला एक आठवडा.

तुमच्या तालुक्यात कुणी जिल्ह्याच्या टीमपर्यंत जाऊन थांबलं असेल, तर ‘पुढे काय झालं नाही का?’ असं विचारू नका. किती वर्षं खेळलास, ते विचारा. मग बघा, तो किती बोलतो!

भेटू पुढच्या भागात.