‘ओव्हर’ म्हणण्यापूर्वी

वॉकीटॉकी म्हटली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो बंदोबस्तावरचा हवालदार. पण अलीकडे हे यंत्र त्याच्या खांद्यावरून उतरून आपल्या घरांतही शिरले आहे. गड चढणारी मुले, सोसायटीचा पहारेकरी, चार मोटारी करून देवदर्शनाला निघालेली मंडळी, साऱ्यांनाच त्याचा मोह पडतो. मोहात तसे वावगे काही नाही. सह्याद्रीच्या घळीत मोबाइल मुका होतो तेथे हे यंत्र कोणत्याही मनोऱ्यावाचून एका हातातून थेट दुसऱ्या हाताशी बोलते. मात्र दुकानात पैसे मोजले की बोलण्याचा हक्कही विकत मिळाला, ही समजूत साफ खोटी!

लहरींची वाटणी सरकारने करून ठेवलेली असते. पोलीस, विमाने, जहाजे यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. तुम्हा-आम्हाला विनापरवाना हिंडायला गल्ल्या आहेत त्या लहानशा. एक 27 मेगाहर्ट्‌झच्या आसपासची आणि दुसरी, 2018 साली मोकळी झालेली, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झची. तेथेही संच कमी शक्तीचा आणि मान्यताप्राप्त बनावटीचा हवा. स्वस्तात मिळणारे कित्येक संच मात्र दुसऱ्यांच्या वाटांवर खुशाल घुसू शकतात. अशा संचांची लहरी व परवाना यांचा उल्लेख न करता विक्री होते, म्हणून 2025 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. तेव्हा विक्रेत्याच्या गोड शब्दांवर न जाता लहरींचा आकडा आणि मान्यतेचा दाखला मागून घ्यावा.

ज्यांना याहून दूरवर बोलण्याची हौस आहे, त्यांनी परीक्षा देऊन ‘हॅम’चा परवाना काढावा. मग ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे संकेतनाव मिळते. या हौसेला कोणी पोरखेळ म्हणेल, त्याला पोर्ट ब्लेअरची हकीकत सांगावी. भारती प्रसाद या हॅम बाईंनी खटपट करून अंदमानातून प्रक्षेपणाची परवानगी मिळवली आणि डिसेंबर 2004 मध्ये त्या तेथे यंत्रे मांडून बसल्या. 26 तारखेला त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले, आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवण्याचे काम या हौशी केंद्राने केले.

आता बोलण्याविषयी. या यंत्रात बटण दाबले की आपले कान बंद होतात. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. म्हणून आधी वाट मोकळी आहे ना, हे ऐकावे. बटण दाबावे, क्षणभर थांबावे (नाहीतर पहिला शब्द हवेतच राहतो), आधी समोरच्याचे नाव घ्यावे, मग आपले. मजकूर थोडक्यात सांगून ‘ओव्हर’ म्हणावे आणि बटण सोडावे. आम्हा प्राध्यापकांना यातले शेवटचेच फार जड जाते!

आपल्या मराठीची एक गंमत येथे अडचण होऊन बसते. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ खरखरीतून ऐकून पाहा. अर्धा शब्द गिळला गेला की दहाचा फरक! शिवाय आपण एकं आधी म्हणतो नि दहं मागून. त्यामुळे ‘पाच, नऊ’ असे सुटे अंक सांगावेत. ‘ब’ आणि ‘भ’, ‘प’ आणि ‘फ’ यांचाही असाच घोटाळा होतो. तेथे ‘बदकाचा ब’, ‘भटजीचा भ’ म्हणावे, हसणारे हसोत. आणि ऐकणाऱ्याने नुसते ‘हो, हो’ न म्हणता आकडा उलट म्हणून दाखवावा.

पल्ल्याच्या जाहिरातींवर फारसा भरवसा ठेवू नये. या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की शक्तिमान संचही हात टेकतो. उलट गडाच्या माथ्यावरून छोटासा संच पायथ्याशी स्वच्छ बोलतो. म्हणून आवाज तुटला तर ओरडू नये, चार पावले उंचावर जावे. दोन तुकड्या वेगळ्या निघणार असतील, तर दर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत संच चालू ठेवायचा, असे पायथ्याशीच ठरवून घड्याळे जुळवून घ्यावीत. बॅटरीही वाचते, आणि दरीत उतरलेल्या मुलांचा तासभर आवाज आला नाही, तरी वर बसलेल्या आईचा जीव टांगणीला लागत नाही.