हाजी अलीचा उंबरठा

८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या मंगल दिनी, शिंगणापूरच्या शनिदेवाचा चौथरा स्त्रियांना खुला झाला, हे आम्ही विसरलेलो नाही. त्याच वर्षी मुंबईच्या हाजी अली दर्ग्याचाही प्रश्न सुटला. तेथे मजारीपर्यंत स्त्रिया पूर्वी जातच होत्या. २०११-१२च्या सुमारास विश्वस्तांनी ती वाट बंद केली. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणे हे इस्लाममध्ये महापाप, असे त्यांचे म्हणणे. (नवी बंदीही किती लवकर परंपरा म्हणवू लागते!) भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाझ व झकिया सोमण यांनी कुराणाचाच आधार घेऊन न्याय मागितला. श्रद्धेचा हा हक्क आम्हांस मोलाचा वाटतो. २६ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी अवैध ठरविली. २९ नोव्हेंबरला स्त्रिया पुन्हा मजारीपाशी पोहोचल्या.