खिडकीबाहेरची तिवरं

हार्बर लाइनवर मानखुर्द सोडलं, की मोबाइलमधून जरा डोकं वर काढा. वाशीच्या पुलाआधी दिसतं ते हिरवं रान तिवरांचं. सरकारी भाषेत कांदळवन. दिसायला नुसता चिखल. पण कोळंबी, चिंबोऱ्यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात आणि कोळीवाड्यातली जाळी भरतात. सार्वजनिक हिताची कामं सोडली तर कांदळवन तोडायला मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये राज्यभर बंदी घातली. पण कुऱ्हाड लागतेच कशाला? डेब्रिज टाकून भरतीच्या पाण्याची वाट अडवली, की तिवरं उभ्या उभ्या सुकतात. मग खाडीत मासळी नाही, कोळणीच्या टोपलीतही नाही. घराचं रिनोव्हेशन काढताय? कॉन्ट्रॅक्टरला एवढंच विचारा : बॉस, डेब्रिज टाकणार कुठे?