पाणमोट वेळेआधी का फुटते?

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या वहिनींचा आठवा महिना सरत आला होता. एका रात्री त्यांचे अंथरूण एकाएकी ओले झाले. कळा नव्हत्या, म्हणून आई म्हणाली, "सकाळी बघू." विज्ञान शाखेची विद्यार्थिनी असूनही मी गप्प राहिले. सकाळी डॉक्टरांनी सांगितले, पाणमोट फुटली आहे. बाळ सहा आठवडे आधी जन्मले, पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहिले आणि सुदैवाने सुखरूप घरी आले. पण "भरली घागर उचललीस म्हणून असे झाले" हा ठपका वहिनींवर राहिला तो राहिलाच. तो कितपत खरा, हे जाणण्यासाठी मी वाचले, डॉक्टरांना विचारले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवते.

गर्भाशयात बाळ पाण्यात तरंगत असते. हे पाणी धरून ठेवणारी पिशवी दोन पातळ पडद्यांची असते व कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे तिला बळकटी येते. एरवी ही पिशवी कळा सुरू झाल्यावर फुटते. दिवस भरलेल्या शंभरातील सुमारे आठ स्त्रियांत ती कळांपूर्वी फुटते. त्यांना बहुधा लवकरच कळा येतात. खरी चिंता ३७ आठवड्यांपूर्वी फुटण्याची. असे शंभरात दोन-तीन जणींनाच होते, परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश यातूनच उद्भवतात.

याची कारणे कोणती? पहिले, जंतुसंसर्ग. योनिमार्गातील जंतू व त्यांमुळे येणारी सूज कोलॅजन विरघळवते. मूत्रमार्गाचा संसर्गही धोका वाढवतो. दुसरे, ताण. जुळी असतील किंवा गर्भजल प्रमाणाबाहेर वाढले असेल तर पिशवी ताणली जाते. गर्भाशयाचे मुख आखूड असणे, मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत रक्तस्राव होणे, आईचे वजन फार कमी असणे आणि धूम्रपान हीही कारणे आहेत. आपल्याकडे बहुतेक बायका विडी ओढत नाहीत, पण काही जणी मिसरी लावतात. तीही तंबाखूच, आणि तिचाही संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आढळला आहे. आधीच्या खेपेस असे झाले असेल तर पुढच्या खेपेस विशेष जपावे लागते. कित्येकींत मात्र कोणतेच कारण सापडत नाही.

या यादीत घागर नाही, जिना नाही, ग्रहण तर नाहीच. वहिनींना सहाव्या महिन्यात लघवीला जळजळ होत होती. संकोचामुळे त्यांनी ती कोणालाच सांगितली नाही. तेच कारण असेल असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही. पण लघवीची तपासणी करून वेळीच उपचार करता आले असते, एवढे नक्की.

पाणी जाऊ लागले तर कळांची वाट पाहू नये. स्वच्छ कापड घ्यावे, वेळ व पाण्याचा रंग लक्षात ठेवावा, घरी कोणाकडूनही आतून तपासून घेऊ नये आणि रात्र असली तरी दवाखाना गाठावा. तेथे जंतुसंसर्ग रोखणारी औषधे मिळतात. दिवस बरेच कमी असतील तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात. उशिराने आत जंतू शिरतात. क्वचित नाळ खाली सरकून बाळाच्या जिवावर बेतते.

आमची ती रात्र वाया गेली. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी कोणी गरोदर असेल तर "घागर उचलू नकोस" एवढेच सांगून थांबू नका. "काही त्रास होतो का?" असेही विचारा आणि ती सांगेल ते ऐकून घ्या.