काळा रंग करडा का दिसतो?

समजा, शाळेच्या संगणक-कक्षात नवा मॉनिटर आला. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला तो एचडीएमआय केबलने जोडला, आणि पाहता तो काय, सारी चित्रे धुऊन काढल्यासारखी फिकट! रात्रीचे आकाश राखेसारखे दिसते, लाल फूल विटके वाटते, काळी अक्षरेही करडी भासतात. मग मॉनिटर सदोष आहे असे ठरवून तो परत पाठवण्याची किंवा अडगळीत टाकण्याची घाई होते. पण थांबा! पुष्कळदा मॉनिटर चांगला असतो आणि केबलही. चूक असते ती मोजपट्टीची. ती ओळखता आली तर एक पैही खर्च न करता दुरुस्ती होते.

रंगांचे अंक

मॉनिटरवरील प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांचा बनतो. प्रत्येक प्रकाश किती तेजस्वी हवा, हे संगणक अंकाने सांगतो. साधारणपणे हा अंक ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ पर्यंतचा असतो. तिन्ही अंक ० असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. शुद्ध लाल म्हणजे (२५५, ०, ०).

दूरदर्शन-तंत्रात मात्र दुसरीच मोजपट्टी वापरतात. तेथे काळा १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. पहिलीला आपण पूर्ण पट्टी म्हणू आणि दुसरीला मर्यादित पट्टी.

तापमापकाची आठवण करा. बर्फ सेल्सिअसमध्ये ० अंशावर वितळतो, फॅरनहाइटमध्ये ३२ वर. बर्फ तोच, अंक वेगळे. पण कोणी फॅरनहाइटचे ३२ सेल्सिअस समजून वाचले, तर बर्फाऐवजी उन्हाळ्याचा दिवस समजेल! मॉनिटरचेही असेच होते. संगणक काळ्यासाठी १६ पाठवतो. मॉनिटर तो अंक पूर्ण पट्टीवर वाचतो. त्या पट्टीवर १६ म्हणजे काळा नव्हे, गडद करडा.

पूर्ण पट्टीवरील अंक म असेल, तर मर्यादित पट्टीवरील अंक न असा मिळतो:

न = १६ + (२१९ ÷ २५५) × म

या सूत्राने शुद्ध लाल (२३५, १६, १६) होतो. लाल थोडा घटला, शिवाय त्यात हिरवा आणि निळा मिसळला. लाल रंगात चिमूटभर पांढरा कालवावा तसा हा प्रकार आहे. रंग विटके दिसतात ते यामुळेच.

करडेपणा किती?

१६ हा अंक २५५ च्या मानाने लहान आहे, मग इतका फरक का पडावा? मॉनिटरचा प्रकाश अंकाच्या सुमारे २.२ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १६ या अंकाला पूर्ण प्रकाशाचा केवळ ०.००२३ भाग मिळतो. पण ज्या मॉनिटरवर पांढरा काळ्याच्या १००० पट तेजस्वी असतो, त्याचा अस्सल काळा पूर्ण प्रकाशाच्या ०.००१ भाग एवढाच असतो. दोन्हींची बेरीज केली तर काळा तिपटीहून अधिक उजळला! पांढराही ०.८४ भागावर उतरला. १००० चे गुणोत्तर सुमारे २५० वर येते.

अशा वेळी आपण मॉनिटरचे तेज कमी करू पाहतो. पण त्याने मागचा दिवा मंद होतो, म्हणजे काळा आणि पांढरा दोन्ही एकाच प्रमाणात मंदावतात. गुणोत्तर होते तेच राहते.

सोळा आले कोठून?

ही मोजपट्टी कोणी उगीच ठरवलेली नाही. १९८२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समितीने चित्रवाणीचे संकेत अंकांत कसे मांडावेत, याविषयीची ६०१ क्रमांकाची शिफारस स्वीकारली. त्या काळी कॅमेऱ्यातून येणारा संकेत विद्युत्-लहरींच्या रूपात असे. चित्रातील तीव्र कडांपाशी ही लहर किंचित उसळी मारते. काळ्याच्या खाली जाते किंवा पांढऱ्याच्या वर. ती छाटली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना जागा मोकळी सोडली. ० आणि २५५ हे अंक तर वेळ जुळवण्याच्या खुणांसाठी राखून ठेवले.

एचडीएमआय ही जोडणी २००२ साली आली, ती मुख्यतः घरगुती चित्रवाणी संचांसाठी. तिने ही रीत पुढे चालवली. १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र हे चित्रवाणीचे प्रमाणित माप आहे. मॉनिटरने आपले माप असे कळवले, की लिनक्समधील इंटेलचा ड्रायव्हर स्वयंचलित निवडीत त्याला चित्रवाणी संच समजून मर्यादित पट्टी वापरू शकतो. मॉनिटर पूर्ण पट्टीची वाट पाहत असला, की घोटाळा होतो.

निदान कसे करावे?

प्रथम पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट घ्या आणि ते चांगले रंग दाखवणाऱ्या दुसऱ्या संगणकावर उघडा. तेथे रंग ठीक दिसले, तर चित्राचे अंक शाबूत आहेत. बिघाड त्यापुढच्या वाटेवर आहे. पट्टीचा बदल अंक केबलमध्ये शिरण्यापूर्वी अगदी शेवटी होतो, म्हणून तो स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही.

मग चित्रे काढण्याच्या एखाद्या प्रणालीत काळ्या पार्श्वभूमीवर ४, ८, १२, १६ आणि २० या अंकांचे करडे पट्टे काढा. खोलीत अंधार करा. काळी पार्श्वभूमीच करडी दिसत असेल आणि त्यावर पट्टेही ओळखू येत असतील, तर संगणक मर्यादित पट्टी पाठवतो आहे. याउलट ४ ते १६ हे सारे पट्टे काळ्यात बुडाले असतील, तर घोटाळा उलटा आहे: संगणक पूर्ण पट्टी पाठवतो आणि मॉनिटर मर्यादित समजतो.

उपाय

आधी मॉनिटरची स्वतःची यादी पाहा. तीत 'आरजीबी रेंज' किंवा 'ब्लॅक लेव्हल' अशा नावाची निवड पुष्कळदा असते.

ती नसेल तर संगणकाकडे वळा. केडीई प्लाझ्मा वापरत असाल, तर वेलँड पद्धतीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'आरजीबी रेंज' मिळू शकते; तेथे 'फुल' निवडा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये 'कलर रेंज' असते.

जुन्या एक्स-११ पद्धतीत आणि इंटेलच्या ड्रायव्हरवर 'एक्सरँडर' ही आज्ञा कामी येते. ती रोमन लिपीत लहान अक्षरांत टंकित करा. तिच्यापुढे दोन आडव्या रेघा आणि 'प्रॉप' लिहिले, की प्रत्येक जोडणीचे गुणधर्म दिसतात. त्यांत 'ब्रॉडकास्ट आरजीबी' सापडले, तर आज्ञा पुन्हा द्या. या वेळी 'आउटपुट' या शब्दापुढे जोडणीचे नाव, आणि 'सेट' या शब्दापुढे गुणधर्माचे नाव व 'फुल' हे मूल्य लिहा. 'आउटपुट' आणि 'सेट' या दोन्ही शब्दांआधी दोन रेघा हव्यात, आणि गुणधर्माचे नाव अवतरणचिन्हांत हवे. काळा रंग त्याच क्षणी काळा होईल. हा बदल संगणक बंद करताच विसरला जातो. म्हणून आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञांत ती लिहून ठेवावी.

ही निवड प्रत्येक ड्रायव्हरमध्ये नसते. तेव्हा नियम एवढाच लक्षात ठेवा: पूर्ण असो वा मर्यादित, दोन्ही टोकांची पट्टी एक हवी.

करून पाहा

−४० हे तापमान सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्हींत एकच असते. आपल्या दोन पट्ट्यांची गाठ अशीच कोणत्या अंकावर पडते? वरच्या सूत्रात न आणि म समान माना आणि समीकरण सोडवा. उत्तर सुमारे ११३ येईल. या घोटाळ्यातही मध्यम उजेडातील चित्रे बरी दिसतात आणि रात्रीची दृश्ये मात्र बिघडतात ती का, याचा उलगडा तुम्हांला त्या उत्तरातच होईल.