दुखतो डोळा, मग रक्त कशाला तपासायचे?

“डॉक्टरसाहेब, दुखतोय डोळा आणि तुम्ही दंडातलं रक्त काढायला सांगताय?” तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला मुलगा हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो, काही जण तो विचारत नाहीत आणि चिठ्ठी खिशात घालून परस्पर घरी जातात. म्हणून या आठवड्यात त्याचेच उत्तर द्यायचे ठरवले आहे.

या गृहस्थांना समजावताना मला त्यांच्याच बागेची मदत झाली. डोळ्याचे बाहेरचे पांढरे कवच बाजूला केले, तर आतला थर सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो. लॅटिन भाषेत द्राक्षाला ‘उव्हा’ म्हणतात, त्यावरून या थराला ‘युव्हिआ’ हे नाव पडले. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा याच थराचा पुढचा भाग. या थराला सूज आली की त्या आजाराला ‘युव्हायटिस’ म्हणतात. हा थर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. त्यामुळे शरीरात कोठे जंतुसंसर्ग असेल, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली असेल, तर त्याचा परिणाम येथे दिसू शकतो. डोळ्याच्या दुखण्याचे मूळ कधी फुप्फुसात, कधी मणक्यात, तर कधी रक्तात सापडते ते यामुळेच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. डोळा लाल झाला म्हणजे ‘डोळे आले’ असे नव्हे. डोळे येतात तेव्हा खाज, चिकटपणा आणि पू असतो, नजर मात्र सहसा साफ राहते. युव्हायटिसमध्ये पू नसतो. डोळा आतून ठणकतो, उजेड सहन होत नाही, बुबुळाच्या कडेने लाली दिसते आणि नजर धूसर होते. सूज डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर लाली किंवा वेदना नसतेही. फक्त डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात आणि अंधुक दिसते. उपचार वेळेवर झाले नाहीत तर बाहुलीचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि कायमची दृष्टी जाऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. युव्हायटिस आहे की नाही हे रक्त तपासून कळत नाही. ते डॉक्टर स्लिट लॅम्पने आणि बाहुली मोठी करून डोळ्यात बघूनच ठरवतात. रक्ततपासणी होते ती सूज कशामुळे आली हे शोधण्यासाठी. प्रत्येकालाही ती लागत नाही. एकाच डोळ्याला, पुढच्या भागात, पहिल्यांदाच आणि सौम्य सूज आली असेल व बाकी प्रकृती ठणठणीत असेल, तर पुष्कळदा थेंबांवर भागते. परंतु सूज वारंवार येत असेल, दोन्ही डोळ्यांना असेल, मागच्या भागात असेल, थेंबांना दाद देत नसेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

हा शोध रक्तापासून नव्हे, प्रश्नांपासून सुरू होतो. हे मी एका चुकीतून शिकलो. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात यंत्रमागावर काम करणारा 26 वर्षांचा एक तरुण डोळा दुखतो म्हणून आला. थेंब दिले, बरा झाला. वर्षभराने दुसरा डोळा. पुन्हा थेंब. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारले, “कंबर दुखते का?” तो म्हणाला, “सकाळी उठताना कंबर लाकडासारखी होते. तासभर कामाला लागलं की मोकळी होते.” त्याची ‘एचएलए-बी 27’ ही रक्ततपासणी केली, कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढला आणि मणका हळूहळू ताठ करणारा ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ हा संधिवात निघाला. संधिवाततज्ज्ञांकडे त्याचे उपचार सुरू झाले. कंबरेचा तो एक प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला असता, तर त्याची दोन वर्षे वाचली असती.

पण हीच तपासणी कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाने करावी का? नाही. बी 27 असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यात काहीच होत नाही. तपासणीचा निकाल रुग्णाच्या तक्रारीशी जुळला तरच त्याला अर्थ असतो.

क्षयरोगाच्या बाबतीत तर हे फार जपावे लागते. क्षयामुळे डोळ्याला सूज येऊ शकते, म्हणून छातीचा एक्स-रे आणि हातावरची मांटू चाचणी सांगितली जाते. मांटूचे इंजेक्शन दिल्यावर 48 ते 72 तासांत परत येऊन हात दाखवायचा असतो. डॉक्टर लाली नव्हे, तर कडक झालेला उंचवटा मोजतात. ‘इग्रा’ नावाची रक्ततपासणीही असते. परंतु आपल्या देशात असंख्य निरोगी लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. त्यांच्या या दोन्ही चाचण्या ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतात. म्हणजे डोळ्याचे दुखणे क्षयाचेच, असे सिद्ध होत नाही. रक्तातील अँटीबॉडीवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्या तर इतक्या बेभरवशाच्या ठरल्या, की जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि 2012 मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. केवळ एका कागदावर विसंबून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घेणे धोक्याचे आहे. त्यांतले एथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित डोळ्याच्या नसेलाच इजा करते. क्षय खरोखर असेल तर ही औषधे पूर्ण घ्यावीतच, पण निदान पक्के हवे आणि औषधे चालू असताना नजर तपासत राहावी.

चिठ्ठीवर ‘व्हीडीआरएल’ आणि ‘टीपीएचए’ अशी अक्षरे दिसली की काही जण रागावतात. या गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या तपासण्या आहेत. एका आजोबांनी मला सुनावले होते, “माझं वय बघून तरी लिहायचं!” त्यात चारित्र्यावर संशय नसतो. हा आजार डोळ्यात कोणत्याही रूपाने दिसू शकतो, वर्षानुवर्षे लपून राहतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. जुन्या आजारात व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. बरा होणारा आजार केवळ संकोचापायी हुकू नये, एवढाच हेतू असतो. एचआयव्हीची तपासणी मात्र तुमच्या संमतीनेच होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

आपल्या नदीकाठच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. 1993 च्या मोठ्या पुरानंतर 1994 मध्ये तमिळनाडूत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्यांच्या सुजेचे एकदम पुष्कळ रुग्ण आले. कारण निघाले लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर व जनावरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा आजार. ताप जाऊन काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळा बिघडतो, त्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. 2019 मध्ये आपणही महापूर पाहिला आहे. पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यात वावरल्यावर ताप येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्याचीही रक्ततपासणी असते.

लहान मुलांबद्दल विशेष काळजी घ्या. ज्या मुलांचे गुडघे किंवा घोटे सुजतात, त्यांच्या डोळ्यात लाली न येता, न दुखता सूज असू शकते. मूल तक्रार करत नाही आणि नजर जात राहते. अशा मुलांची ‘एएनए’ तपासणी पॉझिटिव्ह आली तर डोळ्यांना धोका अधिक असतो, म्हणून त्यांचे डोळे अधिक वेळा तपासावे लागतात. ती निगेटिव्ह आली तरी डोळे तपासणे थांबवू नये.

डॉक्टरांकडे जाताना या गोष्टी आठवून जा: सकाळी कंबर आखडते का, सांधे सुजतात का, तोंड वारंवार येते का, अंगावर चट्टे किंवा पांढरे डाग आहेत का, जुना खोकला आहे का, वजन घटले आहे का, घरात कोणाला क्षय झाला होता का. जुन्या चिठ्ठ्या आणि वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या बरोबर न्या. मेडिकल दुकानातून मागच्या वेळचे स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नका. त्यांनी लाली जाते, पण डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि बुबुळाला जंतूची जखम असेल तर ती चिघळते. तसेच ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे महागडे पॅकेज आपणहून करून घेऊ नका. नेमक्या चार तपासण्या उपयोगी पडतात, नको त्या चाळीस मनात घोर लावतात.

त्या बागायतदारांना दोन्ही डोळ्यांना दुसऱ्यांदा सूज आली होती. त्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. “म्हणजे पैसे पाण्यात गेले की!” ते म्हणाले. मी त्यांना सांगितले, बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही. पण क्षय नाही, गरमी नाही, साखर वाढलेली नाही, हे कळले, म्हणूनच मी आज तुम्हाला स्टेरॉइडच्या गोळ्या निर्धास्तपणे देऊ शकतो. आत जंतू असताना त्या दिल्या असत्या तर रोग भडकला असता. त्यांनी मान हलवली. “औषध मारायच्या आधी पान बघतो तसंच आहे हे,” असे म्हणून ते रिपोर्ट नीट घडी करून पिशवीत ठेवू लागले. ते रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी लागतील, असे मी त्यांना सांगितले. आपल्यालाही तेच सांगतो.