गोठत्या घाटवाटेसाठी गरम मूठ

हीटेड ग्रिप म्हणजे मोटारसायकलच्या हँडलवरची, आतून विजेने तापणारी रबरी मूठ. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तिची गरज सहसा भासत नाही. कोकणातली थंडी सौम्य असते. डिसेंबरच्या पहाटे कोलाडहून माणगाव-निजामपूरमार्गे ताम्हिणी घाट चढताना हात गार पडतात, तेव्हा साधे हातमोजे पुरतात. पण रोहा, पेण, अलिबाग या पट्ट्यातून लडाख आणि स्पितीला मोटारसायकलने जाणाऱ्या तरुणांची तिथल्या थंडीशी घरी कधी गाठच पडलेली नसते. त्यामुळे जाकीट, बूट, तंबू यांची तयारी जोरात होते आणि हात मागे राहतात. खरे तर डोंगरात गाडी ताब्यात ठेवतात ते हातच.

थंडी मोजताना हवेचे तापमान पाहून भागत नाही. अंगावर येणारा वारा त्वचेलगतचा उबदार हवेचा थर सतत उडवून लावतो. कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्राने हिशेब केला, तर ५ अंश सेल्सिअस तापमानात ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या चेहऱ्याला उणे २ अंशांसारखा जाणवतो, आणि तापमान शून्यावर असेल तर उणे ९ अंशांसारखा. उंची वाढेल तसे तापमानही उतरत जाते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि खारदुंग ला खिंड सुमारे ५,३५९ मीटरवर. म्हणजे लेहमध्ये सकाळी कोवळे ऊन असले, तरी खिंडीत बारा अंश अधिक गारठा असू शकतो.

अशा गारठ्यात शरीर आधी काळीज, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखते आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की बोटांची चपळाई झपाट्याने घटते. ब्रेकचा दाब समजेनासा होतो, क्लच अर्धवट सोडणे जमत नाही, इंडिकेटरचे बटण सापडत नाही. डांबरी रस्त्यावर हे एक वेळ निभावते. सैल खडीवर, बर्फाच्या पाण्याने भरलेल्या नाल्यात, पायपेगवर उभे राहून गाडी चालवताना पुढच्या ब्रेकवर एका-दोन बोटांचाच हलका दाब द्यायचा असतो. तिथे बधिर बोट जरा जास्त आवळले गेले, तरी पुढचे चाक सरकते. गरम ग्रिपकडे चैन म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. ती ब्रेकइतकीच सुरक्षिततेची वस्तू आहे.

तिची रचना साधी असते. रबराच्या थराखाली बारीक रोधक तार किंवा छापील पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यातून १२ व्होल्टचा प्रवाह गेला की ती तापते, विजेच्या इस्त्रीसारखीच, फक्त फार कमी शक्तीवर. बाजारातल्या बहुतेक जोड्या पूर्ण तापमानावर ३ ते ४ अँपिअर, म्हणजे साधारण ३६ ते ५० वॉट घेतात. दोन मुठी मात्र सारख्या नसतात. डावी मूठ २२ मिलिमीटरच्या धातूच्या हँडलवर थेट बसते. उजवी बसते थ्रॉटलच्या प्लॅस्टिक नळीवर, म्हणून तिचे आतले भोक मोठे असते. धातू उष्णता ओढून घेतो, प्लॅस्टिक ती अडवते. त्यामुळे डावी मूठ उजवीपेक्षा थोडी थंड लागली तर तो सहसा बिघाड नसतो.

खरा प्रश्न विजेचा आहे. २०१६ साली बाजारात आलेली ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन ही आपल्याकडच्या अशा प्रवाशांची आवडती गाडी. तिचा हॅलोजन हेडलाइट ५५ ते ६० वॉटचा आणि बॅटरी ८ अँपिअर-तासांची. नंतरच्या मॉडेलांत इंधनाचा पंप, इंजेक्शन, एबीएस यांचीही वीज अल्टरनेटरमधूनच जाते. त्यात मालकाने दोन जादा दिवे आणि मोबाइलचा चार्जर आधीच लावलेला असतो. गाडी वेगात असताना हे सगळे चालून जाते. दरड कोसळून रस्ता बंद पडला, वाहनांची रांग लागली आणि इंजिन तासभर मंद फिरत राहिले, की अल्टरनेटर पुरेसा पडत नाही आणि कमी पडणारी वीज बॅटरीतून जाऊ लागते. इंजिन बंद ठेवून ४ अँपिअरच्या ग्रिप चालू राहिल्या, तर ८ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरसुद्धा दोनच तास टिकते, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. शून्याखालच्या तापमानात बॅटरी मुळातच मंदावलेली असते.

म्हणून ग्रिप घेण्याआधी मल्टिमीटर हाती घ्यावा. बंद गाडीत निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हेडलाइट, जादा दिवे असे सगळे चालू करून मंद इंजिनावर आकडा १३ च्या खाली घसरत असेल, तर ग्रिपसाठी वीज शिल्लक नाही असे समजावे. अशा वेळी हॅलोजन दिवे काढून कमी वॉटचे एलईडी बसवले की जागा होते. शेवटी जादा दिवे आणि ग्रिप यांत निवड करायची वेळ आली, तर दिवसाच्या प्रवासात जादा दिवे बंद ठेवून हात गरम ठेवणे शहाणपणाचे.

जोडणीत सर्वांत जास्त चुका होतात त्या घाईमुळे. ग्रिपची तार थेट बॅटरीला जोडली, तर गाडी उभी केल्यावर स्विच विसरला जातो आणि सकाळी सेल्फ टकटक करत राहतो. योग्य पद्धत रिलेची, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचची. बॅटरीच्या धन टोकापासून आधी फ्यूज, मग रिले, मग ग्रिपचा कंट्रोलर. रिलेला चालू होण्याचा इशारा मागच्या टेल दिव्याच्या तारेतून घ्यावा, म्हणजे चावी फिरवली तरच ग्रिपला वीज मिळते. फ्यूज उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचाच हवा, मोठा नको. काही चांगल्या कंट्रोलरमध्ये व्होल्टेज उतरले की आपोआप बंद होण्याची सोय असते. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

उजव्या मुठीकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण ती फिरते. तारेला पुरेशी ढील ठेवावी. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून, प्रत्येक टोकाला रेस (थ्रॉटल) पिळून सोडावी आणि मूठ झटकन जागेवर येते का ते पाहावे. ती किंचितही अडकली, तर गाडी रस्त्यावर काढू नये. रेस अडकून राहणे हा गोठलेल्या बोटांपेक्षा मोठा धोका आहे. तार ब्रेकच्या लिव्हरमध्ये किंवा टाकीच्या कडेला चेपत नाही ना, हेही याच वेळी तपासावे. मुठीखाली उष्णता सोसणारा गोंद लावून तो पूर्ण सुकू द्यावा.

रायगडच्या गाडीला आणखी एक परीक्षा असते, पावसाची. लडाखची फेरी पंधरा दिवसांची आणि इथला पाऊस चार महिन्यांचा. रोह्यात मुसळधार पडते, खाडीकडची हवा खारट असते, आणि उघड्या जोडावर तांब्याला हिरवट गंज चढतो. हिवाळ्यात उत्तम चालणारी ग्रिप पुढच्या वर्षी मुकाट्याने बंद पडते ती बहुधा या जोडांमुळे. जोड चिकटपट्टीने गुंडाळण्याऐवजी सोल्डर करून किंवा पक्के क्रिंप करून त्यांवर तापवून आकसणारी नळी चढवावी, प्लगमध्ये विद्युतरोधक ग्रीस भरावे आणि रिले सीटखाली कोरड्या जागी ठेवावा.

एवढे करूनही बोटांची पाठ गारच राहते, कारण ग्रिप फक्त तळवा तापवते आणि वारा लागतो तो पंजाच्या बाहेरून. हँडगार्ड बसवल्याशिवाय बरीचशी वीज वाऱ्यावर जाते. हातमोजेही ग्रिपला साजेसे हवेत, तळव्याकडे पातळ आणि पाठीकडे जाड व वारा अडवणारे. सर्व बाजूंनी जाड अस्तराचे मोजे ग्रिपची ऊबसुद्धा बाहेरच ठेवतात. ग्रिप सुरुवातीपासून मध्यम तापमानावर ठेवावी. हात एकदा बधिर झाल्यावर ती पूर्ण तापवली, तर त्वचेला चटका बसतोय हे कळतसुद्धा नाही.

मनालीजवळच्या सोलांग खोऱ्यात पर्यटकांसाठी फिरवल्या जातात त्या चार चाकांच्या एटीव्हींची गोष्ट थोडी निराळी. त्यांत रेस मूठ पिळून द्यायची नसते, अंगठ्याने लिव्हर दाबून द्यायची असते. अंगठा दिवसभर मुठीबाहेर, वाऱ्यात राहतो. म्हणून एटीव्ही आणि स्नोमोबाइलच्या संचात दोन मुठींसोबत लिव्हरवर चिकटवायची तिसरी छोटी तापपट्टी येते. मोटारसायकलसाठीच्या संचात ती नसते. एटीव्हीसाठी खरेदी करताना एवढे पाहून घ्यावे.